माळावर नागली आणि तूर एकत्र: कोण कुठून खातं आणि आपण परत काय द्यायचं

मुरबाड-शहापूरकडे वडिलोपार्जित वरकस म्हणजे उताराची माळजमीन आणि राहणं मात्र डोंबिवली, बदलापूर नाहीतर ऐरोलीला, अशी बरीच मंडळी अलीकडे पुन्हा शेताकडे वळली आहेत. कोणी निवृत्त झालंय, कोणी सुट्टीच्या दिवशी जातंय. नागली म्हणजे नाचणी आणि तूर एकाच शेतात घेऊ पाहणाऱ्या या मंडळींसाठी हा लेख आहे. त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नागलीत तूर टाकली की खत लागत नाही, तूर नत्र देते." हे अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी दोन्ही पिकं पिवळी पडलेली मी आमच्या भागात पाहिली आहेत. मी स्वतः मुरबाड तालुक्यात उतारावरच्या जमिनीत ही जोडी घेत आलो आहे. नव्या माणसाचा गोंधळ नेमका कुठे होतो, ते क्रमाने सांगतो.

मूळ गोष्ट आधी समजून घ्या. तुरीच्या मुळांवर गाठी येतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र (नायट्रोजन) पकडून तुरीला देतात. शेजारच्या नागलीला त्याच हंगामात त्यातलं फारच थोडं मिळतं. नागलीचा खरा फायदा वेगळा आहे: तूर पंगतीला बसून स्वतःचा डबा उघडणाऱ्या पाहुण्यासारखी वागते, त्यामुळे जमिनीतलं नत्र नागलीला जास्त उरतं. नागलीची तंतुमय मुळं वरच्या थरातलं नत्र भराभर उचलतात. तिथलं नत्र कमी झालं की तुरीला गाठींवर जास्त अवलंबून राहावं लागतं आणि गाठी जोमाने कामाला लागतात. जोडी जमते ती अशी.

हे सगळं नत्रापुरतं झालं. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) हवेत नसतात. दोन पिकांनी मिळून जास्त उत्पन्न काढलं, तर ही दोन अन्नद्रव्यं जमिनीतून जास्त बाहेर जातात. म्हणून आंतरपिकात युरिया थोडा वाचतो, पण स्फुरद-पालाशाकडे एकट्या पिकापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी हे जमवून ठेवा

कागद: सातबारा आणि आठ-अ उतारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक. मातीचा नमुना देताना गट क्रमांक लिहावा लागतो. अनुदानाचं खत घेताना दुकानातल्या यंत्रावर आधार क्रमांक देऊन अंगठा लावावा लागतो, म्हणून घरच्या गड्याला नुसते पैसे देऊन पाठवलं तर तो बहुधा रिकाम्या हाताने परत येतो.

साहित्य: कुदळ, घमेलं, बादली, ओळी आखायला दोरी आणि खुंट्या, मोजपट्टी, कापडी पिशव्या, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक जाड वही.

निविष्ठा: चांगलं कुजलेलं शेणखत, सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदासाठी), म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशासाठी), थोडा युरिया, रायझोबियम म्हणजे गाठी तयार करणारे जिवाणू आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू म्हणजे पीएसबी.

तालुका कृषी कार्यालय शनिवार-रविवार बंद असतं. सुट्टीच्या दिवशीच गावी जाणाऱ्यांनी निदान दोन कामांसाठी आठवड्यातली रजा टाकायची तयारी ठेवावी: नमुना देणं आणि अहवाल घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याशी (पूर्वीचे कृषी सहायक) बोलणं.

१. खाचर वेगळं, वरकस वेगळं

आपल्याकडे पावसाळ्यात साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. भाताच्या खाचरात पाणी साचतं, ते भाताला चालतं. डाळवर्गीय पिकाच्या गाठींना मात्र हवा लागते. मुळं पाण्यात बुडाली की गाठी काम थांबवतात आणि पुढे कुजतात. म्हणून भातासोबत तूर हवी असेल तर ती बांधावर. ठाणे जिल्ह्यात ही जुनीच पद्धत आहे आणि ती चांगली आहे: बांध उंच असतो, तुरीचं सोटमूळ खाली जातं, भाताला आडही येत नाही. खाचरात डाळवर्ग घ्यायचाच तर भात कापल्यावर, उरलेल्या ओलीवर, वाल किंवा हरभरा.

एकाच वाफ्यात धान्य आणि डाळ शेजारी शेजारी घ्यायची जागा म्हणजे उताराची, मुरमाड, पाणी न साचणारी वरकस जमीन. तिथे नागली किंवा वरी हे मुख्य पीक आणि सोबत तूर किंवा उडीद. या लेखात पुढे मी नागली-तूर धरून चाललो आहे.

जागा पारखायची साधी रीत: जुलैतल्या जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी शेतात चालून या. जिथे पाय टाकल्यावर पाणी वर येतं, तो तुकडा तुरीसाठी सोडून द्या.

२. मातीचा नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या

पाऊस सुरू झाल्यावर नमुना घेण्यात अर्थ नाही, अहवाल येईपर्यंत लावणी उरकलेली असते. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. वरचा काडीकचरा बाजूला करा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून घ्या. सगळी माती एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. आत चिठ्ठी: नाव, गाव, गट क्रमांक, मागचं पीक, पुढचं पीक. पुढच्या पिकात "नागली अधिक तूर" असं स्पष्ट लिहा, नाहीतर शिफारस एकट्या नागलीची येते.

बांधालगत, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाजवळ आणि राब भाजलेल्या (रोपांसाठी पालापाचोळा जाळलेल्या) जागी नमुना घेऊ नका. राबाच्या राखेत चुना आणि पालाश असतो, तिथला नमुना मिसळला की सगळ्या शेताचा अहवाल खोटा चांगला दिसतो. उताराच्या शेतात माथा आणि पायथा यांचे नमुनेही वेगळे घ्या. वरची माती धुऊन खाली येत असते, त्यामुळे दोन्हीकडची परिस्थिती एक नसते.

३. अहवाल वाचताना या ओळी पाहा

मृद आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात. या जोडीसाठी चार ओळी आधी वाचा.

सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कली ते दाखवणारा आकडा): जोरदार पावसाने चुना आणि मॅग्नेशियम धुऊन जातात, लोह-ॲल्युमिनियम मागे उरतं आणि माती आम्ल होते. सामू ५.५च्या खाली असेल तर रायझोबियम नीट वाढत नाही. शिवाय गाठींना लागणारं मॉलिब्डेनम आम्ल मातीत पिकाला मिळत नाही. अशा वेळी प्रयोगशाळेला चुन्याची गरज किती ते विचारा आणि तेवढाच चुना लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा. चुना आणि युरिया एकाच दिवशी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. सुपर फॉस्फेटही चुन्यासोबत मिसळू नका, त्यातलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं.

स्फुरद: इथे नवा माणूस हमखास गोंधळतो. आम्ल मातीतलं स्फुरद ब्रे पद्धतीने मोजतात, अल्कलीकडे झुकणाऱ्या मातीतलं ओल्सेन पद्धतीने. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. दोन वर्षांचे अहवाल दोन पद्धतींचे असतील तर स्फुरद वाढलं की घटलं हे त्यावरून ठरवू नका. आणखी एक: खताच्या पोत्यावर स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात लिहिलेले असतात, काही अहवालांत मूलद्रव्याच्या रूपात. मूलद्रव्य स्फुरदाला २.२९ने आणि पालाशाला १.२ने गुणलं की पोत्यावरच्या भाषेतला आकडा मिळतो.

पालाश: हा कमी असेल तर जोडीतलं डाळवर्गीय पीक आधी मार खातं. गवतवर्गीय पिकांच्या तंतुमय मुळांचं जाळं दाट असतं, ती पालाश आधी उचलतात. डाळवर्गाच्या मुळांचा ओढा कॅल्शियम-मॅग्नेशियमकडे जास्त. तुरीच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या की लोक रोग समजून फवारणी करतात. अहवालात पालाश कमी असेल तर पहिला संशय भुकेचाच घ्या.

सेंद्रिय कर्ब: हा कमी असेल तर वरच्या तिन्हींसाठी केलेला खर्च पावसासोबत वाहून जातो. शेणखत टाळू नका.

४. जोडी आणि ओळींचं प्रमाण ठरवा

कर्नाटक-तामिळनाडूकडे नागलीच्या आठ ते दहा ओळींना तुरीच्या दोन ओळी अशी शिफारस आहे. आपल्या कोल्हापूरकडे नागलीच्या सहा ते आठ ओळींना उडदाची एक ओळ चालते. ठाण्याच्या माळावर मला तूर जास्त भरवशाची वाटते. उडीद अडीच महिन्यांत तयार होतो, म्हणजे जूनअखेर पेरला की शेंगा नेमक्या सप्टेंबरच्या पावसात सापडतात. तुरीचं तसं नाही. ती सुरुवातीला हळू वाढते, नागलीला सावली करत नाही आणि पाऊस गेल्यावर फुलावर येते.

अन्नाच्या दृष्टीने हा वेळेचा फरक फार मोलाचा आहे. नागलीची सगळ्यात मोठी भूक फुटवे येण्यापासून निसवण्यापर्यंत (कणसं बाहेर पडेपर्यंत), म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तुरीची मोठी भूक त्यानंतर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागली कापून नेल्यावर सगळी जागा, सगळं ऊन आणि खालच्या थरातली ओल तुरीला मोकळी मिळते. तिचं सोटमूळ नागलीच्या मुळांच्या खाली जाऊन तिथे झिरपलेलं नत्र आणि पालाशही वर आणतं.

वाणांत कोकणासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काढलेले दापोली-१ ही नागली आणि कोकण तूर-१ हे आधी पाहा. कोरडवाहू देशावरची फार उशिरा येणारी तूर इथल्या उथळ मुरमाड जमिनीत घेऊ नका. डिसेंबरनंतर ओल संपते आणि शेंगा पोचट राहतात.

५. बियाण्याला जिवाणू लावा, पण क्रम सांभाळा

तूर, उडीद, मूग, चवळी यांना एकाच गटाचं रायझोबियम चालतं. हरभऱ्याचं वेगळं असतं. पाकिटावर पिकाचं नाव आणि वापरण्याची अंतिम तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नका. दुकानदाराने ते उन्हात, पत्र्याखालच्या फळीवर ठेवलं असेल तर दुसरं दुकान बघा. आतले जीव मेले असतील तर हातात येते ती नुसती काळी भुकटी.

प्रमाण: १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात पाकिटातलं जिवाणू संवर्धक कालवा, बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पीएसबीही अशाच प्रमाणात लावता येतं.

क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. सगळं एकाच घमेल्यात एकदम कालवलं तर औषध जिवाणूंनाच मारतं. नव्या लोकांची पहिल्या वर्षीची गाठींची तक्रार तपासली तर बऱ्याचदा इथे येऊन थांबते.

६. ओळी आखा आणि स्फुरद तुरीजवळ ठेवा

पहिल्या पावसानंतर जमीन वाफशावर आली (चिखल न होता मशागत करता येईल इतकी ओल राहिली) की तुरीच्या ओळींसाठी बुटके वरंबे उतारावर आडवे काढा. तूर जूनमध्येच थेट टोकून घ्या. नागलीचं रोप रोपवाटिकेत वाढत असतं, ते तीन-चार आठवड्यांचं झालं की जुलैत दोन वरंब्यांच्या मधल्या पट्ट्यात लावणी. तुरीला मिळालेले हे आधीचे दिवस महत्त्वाचे आहेत. जुलैच्या धो धो पावसात टोकलेली तूर उगवताना सडते.

नागलीच्या ओळींत साधारण २२ ते ३० सेंटिमीटर अंतर, दोन रोपांत ८ ते १०. तुरीच्या ओळीत दोन झाडांत ३० सेंटिमीटर आणि तूर ते शेजारची नागली यांच्यात निदान ३०. हे शेवटचं अंतर लोक खातात. पट्टा भरलेला दिसावा म्हणून नागली तुरीच्या बुडाशी लावतात आणि मग सुरुवातीच्या महिन्यात तुरीला पालाश आणि ऊन दोन्ही कमी पडतात.

आता खताची जागा. स्फुरद मातीत फारसं हलत नाही, जिथे टाकाल तिथेच राहतं. त्यातून आपल्या लालसर मातीतलं लोह-ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतं. शेतभर फेकलेल्या सुपर फॉस्फेटचा बराच भाग म्हणूनच अडकून पडतो. ते तुरीच्या ओळीत, बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली, चार-पाच सेंटिमीटरवर, शेणखतात मिसळून ठेवा. गाठी घडायला आणि चालायला स्फुरद भरपूर लागतं. स्फुरदाची भुकेली तूर पाने हिरवी ठेवून बुटकी राहते आणि तिच्या गाठी बारीक, विरळ असतात.

तुरीजवळच ठेवायचं याला आणखी एक कारण आहे आणि मला या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं. १९९०मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरतं. ते लोहाला पकडतं आणि लोहाशी बांधलेलं स्फुरद मोकळं करतं. ज्वारी, मका, सोयाबीन यांना हे स्फुरद सहजी घेता येत नाही. म्हणजे आपल्या लाल मातीत कुलूपबंद असलेला साठा तूर उघडू शकते. त्यातलं बरंचसं ती स्वतः वापरते. गळलेली पानं आणि मुळं कुजल्यावर ते पुढच्या पिकाच्या हाती येतं. म्हणून पानगळ शेतातच राहणं इतकं महत्त्वाचं. पण हा साठा संपणाराही आहे. तूर कुलूप उघडते, तिजोरी भरत नाही, ते काम आपलंच.

मात्रेचा हिशेब: राज्यात तुरीसाठी हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद ही नेहमीची शिफारस आहे. एक गुंठा म्हणजे साधारण हेक्टरचा शंभरावा भाग. तेव्हा तुरीच्या एका गुंठ्याला २५० ग्रॅम नत्र आणि ५०० ग्रॅम स्फुरद. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे सुमारे ५४० ग्रॅम युरिया. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत. शिवाय त्यात गंधक आणि कॅल्शियम येतं, दोन्ही डाळीला हवे असतात, म्हणून या जोडीला मी डीएपीपेक्षा (डायअमोनियम फॉस्फेट) सुपर फॉस्फेट पसंत करतो. तुरीने शेताचा जितका हिस्सा व्यापला आहे तेवढ्याच हिश्श्याला ही मात्रा लावा. उरलेल्या हिश्श्याला नागलीची मात्रा, मातीच्या अहवालावर सहायक कृषी अधिकाऱ्याने लिहून दिलेली. पालाश दोन्ही पट्ट्यांना.

७. युरिया फक्त नागलीच्या ओळीत, हप्त्याने

तुरीला सुरुवातीचं थोडं नत्र पुरतं, गाठी तयार होईपर्यंतची सोय म्हणून. नंतर तिच्या मुळाशी युरिया पडला की ती आयतं मिळणारं नत्र घेते आणि गाठी कमी करते. मग आपण पैसे घालून हवेतलं फुकट नत्र बंद केल्यासारखं होतं. पोतं खांद्याला लावून शेतभर युरिया फेकण्याची आपल्याकडची सवय या जोडीत सोडावी लागते.

नागलीला नत्र दोन-तीन हप्त्यांत द्या: थोडं लावणीच्या वेळी, मुख्य हप्ता फुटवे फुटताना, बेणणी (गवत काढणं) झाल्यावर. गवतात फेकलेला युरिया आधी गवत खातं. ओळीच्या बाजूला चिमटीने सोडा आणि मातीने झाका. पुढचे दोन दिवस मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर काम पुढे ढकला. उतारावर टाकलेला युरिया खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात जातो.

नागलीची मात्रा पहिल्याच वर्षी निम्मी करू नका. तूर तिच्या वाट्याचं कमी घेते म्हणून थोडी बचत होते, पण ती किती, हे तुमची माती ठरवते. त्यासाठी एका पट्ट्यात पूर्ण मात्रा आणि एका पट्ट्यात पाऊण मात्रा देऊन पाहा.

८. गाठी उपटून नाही, खणून बघा

पेरणीनंतर सहा-सात आठवड्यांनी, फुलं यायच्या बरंच आधी, शेताच्या वेगवेगळ्या भागांतली चार-पाच तुरीची झाडं निवडा. झाड हाताने ओढलं तर गाठी मातीतच तुटून राहतात आणि गाठीच नाहीत असं वाटतं. कुदळीने ढेकळासकट काढा, बादलीतल्या पाण्यात बुडवून माती आपोआप सुटू द्या.

मग गाठ नखाने कापा. आतून गुलाबी-लालसर म्हणजे गाठ कामावर आहे. पांढरी म्हणजे कोवळी किंवा निकामी. हिरवट-तपकिरी म्हणजे काम संपलेली. शेंगा भरताना गाठी हिरव्या-तपकिरी होतातच, त्या वेळी बघून घाबरू नका.

एक फसगत फार होते. सूत्रकृमी म्हणजे मातीतल्या सूक्ष्म कृमींमुळेही मुळांवर फुगीर गोळे येतात आणि लोक त्यालाच गाठी समजून समाधान मानतात. खरी गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने सहज सुटते. सूत्रकृमीत मूळच फुगलेलं असतं, गोळा सुटत नाही, मूळ तुटतं.

गाठी नसतील किंवा पांढऱ्या असतील तर या क्रमाने शोध घ्या: तिथे पाणी साचलं होतं का, युरिया पडला होता का, सामू किती होता, स्फुरद ओळीत ठेवलं होतं का, पाकीट ताजं होतं का. पाणी साचत असेल तर लगेच चर काढा. पानं फिकट पडली असतील तर या हंगामापुरता तुरीला थोडा युरिया द्यावा लागेल, तेवढा द्या. वहीत जागा आणि कारण लिहून ठेवा.

९. ई-पीक पाहणीत दोन्ही पिकं नोंदवा

खरिपाच्या मुदतीत मोबाइलवर ई-पीक पाहणी करताना पिकाचा वर्ग विचारला जातो. तिथे "निर्भेळ पीक" न निवडता "मिश्र पीक" निवडा आणि नागली-तुरीचं क्षेत्र वेगवेगळं भरा. नुसती नागली नोंदवली तर तूर सातबाऱ्यावर येत नाही आणि नुकसानभरपाई किंवा विक्रीच्या नोंदणीच्या वेळी अडचण होते. फोटो शेतात उभं राहूनच घ्यावा लागतो. डोंगराच्या कुशीत रेंज नसते, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

१०. नागली गेल्यावर तूर राखा

भात-नागली कापून झाली की आपल्याकडे गुरं मोकळी सुटतात. तुमची तूर तेव्हा ऐन फुलात असते आणि आसपासच्या माळावर तेवढंच हिरवं उरलेलं असतं. काट्यांची वई (कुंपण) नागली कापायच्या आधी घाला आणि शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. गुरांनी तूर खाल्ली की शेंगांबरोबर पानगळही जाते, म्हणजे पुढच्या वर्षाचं खतच गेलं.

११. काढणीनंतर अन्नाचा हिशेब मांडा

पिकाने जमिनीतून उचललेल्या अन्नाला "शोषण" म्हणतात. शब्द अवघड वाटतो, हिशेब साधा आहे: वाळलेल्या मालाचं वजन गुणिले त्यातल्या अन्नद्रव्याची टक्केवारी. दाणे आणि काड यांचा हिशेब वेगळा करा. एक गुंठा मोजून त्यातली दोन्ही पिकं वेगळी कापा, वाळवा, तोला. टक्केवारी प्रयोगशाळेतून मिळते. पहिल्या अंदाजासाठी नागलीच्या दाण्यात सव्वा टक्क्याच्या आत नत्र धरा, तुरीच्या दाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

समजा, एकट्या नागलीच्या गुंठ्यात २० किलो आली आणि एकट्या तुरीच्या गुंठ्यात १० किलो. एकत्र गुंठ्यात नागली १६ आणि तूर ४. आता १६ भागिले २० म्हणजे ०.८, ४ भागिले १० म्हणजे ०.४. बेरीज १.२. एवढंच उत्पन्न वेगवेगळं घ्यायला १.२ गुंठे लागले असते. बेरीज एकाच्या वर असेल तर जोडी जमली.

नत्र: नागलीच्या दाण्यात १.१ टक्के धरलं तर एकट्या नागलीतून २२० ग्रॅम गेलं. एकत्र गुंठ्यातून नागलीचे १७६ आणि तुरीचे १४० मिळून ३१६ ग्रॅम. आकडा मोठा दिसतो म्हणून जमीन जास्त झिजली असा अर्थ काढू नका, तुरीच्या वाट्यातला भाग हवेतूनही आला आहे. हाच हिशेब स्फुरद आणि पालाशाचा मांडला तर मात्र प्रत्येक ग्रॅम जमिनीतून गेलेला असतो. पालाशाचा मोठा हिस्सा दाण्यात नसतो, काडात असतो. नागलीचं काड गुरांना घातलंत तर त्याचं शेणखत त्याच शेतात परत यायला हवं. काड विकलंत तर तेवढा पालाश विकत आणून टाकावा लागेल.

तुरीची झाडं मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आणि गाठी आतच कुजू द्या. पानगळ झाडून नेऊ नका, राबासाठीही नको. भाजल्यावर चुना, पालाश आणि स्फुरद राखेत राहतात, पण नत्र आणि बरंचसं गंधक धुरात जातं. तुराट्या चुलीत जातात, ते ठीक आहे. त्यांची राख पावसाचं पाणी न लागेल अशी पत्र्याच्या डब्यात साठवा आणि जूनमध्ये याच शेतात, युरियापासून काही दिवसांचं अंतर ठेवून, पसरा.

वहीत तुरीच्या ओळी कुठे होत्या त्याचा नकाशा काढून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात त्या ओळींवर नागली येईल आणि तूर मधल्या पट्ट्यात जाईल अशी आखणी करा. एक छोटा पट्टा दोन्ही वर्षं निव्वळ नागलीचा ठेवा. जुन्या तुरीच्या ओळीवरची नागली आणि या पट्ट्यातली नागली वेगळी कापून तोललीत की पानगळीने आणि मुळांनी तुमच्या मातीत किती भर घातली ते किलोत दिसेल, आणि पुढच्या वर्षीचा युरिया किती कमी करायचा ते त्या आकड्यावरून ठरवता येईल.